हातभर धुके

जानेवारीच्या पहाटे मल्लेश्वरम आधी कानांना आणि नाकाला भेटते. डोळ्यांची पाळी सर्वांत शेवटी येते. दुधाच्या पिशव्यांची ने-आण, दारापुढे पडणारा सड्याचा शिपका, स्वयंपाकघराच्या खिडकीतून येणारा ताज्या कॉफीचा वास, हे सारे सुरू झालेले असते. परंतु रस्त्याकडेची झाडे अद्याप रस्त्याला परत मिळालेली नसतात. उपनगराच्या एका मुख्य रस्त्याचे नाव संपिगे, म्हणजे सोनचाफा. त्याला समांतर जाणाऱ्या दुसऱ्याचे मार्गोसा, म्हणजे कडुनिंब. धुके दाट असले की चाफा आणि निंब ही दोन्ही नावेच तेवढी पाट्यांवर उरतात.

अशा पहाटे या दोन रस्त्यांना जोडणाऱ्या एका आडरस्त्यावरच्या घराचे फाटक हलकेच वाजते आणि एक गृहस्थ बाहेर पडतात. कानाला मफलर, गळ्यात चामड्याच्या पेटीतला दुहेरी भिंगांचा याशिका कॅमेरा, खिशात काड्यापेटीहून थोडा मोठा प्रकाशमापक. नोकरीसाठी ते बेळगावहून बंगळूरला आले आणि इथलेच झाले. नकाशे काढण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले. रेघेवर पोट भरणाऱ्या या माणसाचा जीव मात्र रेघा पुसून टाकणाऱ्या धुक्यावर जडला होता. घरातल्या माणसांना या वेडाचे फारसे नवल नव्हते. ‘अहो, दूध तापेपर्यंत तरी थांबा,’ असे पत्नीने म्हणावे आणि ‘दूध थांबेल, धुकं थांबणार नाही,’ असे त्यांनी उत्तर द्यावे, हा त्या घरातला हिवाळ्याचा पाठ होता.

मराठी माणसाला मल्लेश्वरम अगदीच परके वाटण्याचे कारण नाही. या वस्तीला जिच्यामुळे नाव मिळाले ते काडु मल्लेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्याशी जोडले जाते. कन्नडमध्ये ‘काडु’ म्हणजे रान. सन १६६९ च्या शिलालेखात व्यंकोजींनी या देवाला दिलेल्या गावाची नोंद आहे. पुढे व्यंकोजी तंजावरला गेले, तेथे त्यांचे राज्य झाले, आणि रानातला देव रानातच राहिला. सन १८९८ मध्ये बंगळुरात प्लेगची साथ आली. दाट वस्तीच्या जुन्या पेठा सोडून माणसांना मोकळ्या हवेत राहता यावे म्हणून जी नवी उपनगरे आखली गेली, त्यांत मल्लेश्वरम होते. सरळ रस्ते, आखीव आडरस्ते, घराभोवती झाडांना जागा. त्याच्या शेजारी, सन १८८२ मध्ये कर्नल रिचर्ड सँकी या अभियंत्याने बांधवलेला तलाव आधीपासून होता. सुमारे ३७ एकरांचे हे पाणी, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरचे पठार आणि हिवाळ्यातली निरभ्र, वारा नसलेली रात्र, एवढे जमून आले म्हणजे जमीन आपली ऊब आकाशाला देऊन टाकते, तिच्या लगतची हवा थंड होते आणि हवेतल्या बाष्पाचे थेंब होतात. एक किलोमीटरच्या पलीकडचे दिसेनासे झाले म्हणजे हवामानशास्त्र त्याला धुके म्हणते. सँकी तलावाच्या बांधावर उभ्या राहणाऱ्या माणसाला हा हिशेब करावा लागत नाही. पलीकडचा काठ नाहीसा झाला की त्याला ते कळते.

धुके पांढरे का, याचे उत्तर शोधायला मल्लेश्वरमकरांना फार लांब जावे लागत नाही. प्रकाश विखुरतो कसा, या एका प्रश्नाने ज्यांचे आयुष्य घडवले त्या चंद्रशेखर वेंकट रामन यांचे ‘पंचवटी’ हे घर याच उपनगरात आहे. सन १९२१ मध्ये समुद्रप्रवासात त्यांना पाण्याच्या निळेपणाने पछाडले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम हाती आला. १९३० मध्ये नोबेल पारितोषिक आणि १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालकपद. हवेचे कण प्रकाशलहरींपेक्षा फार लहान असतात, म्हणून ते निळा रंग अधिक विखुरतात आणि आकाश निळे दिसते. धुक्याचा थेंब त्या मानाने राक्षसी. माणसाच्या केसाच्या जाडीचा पाचवा-सातवा हिस्सा भरेल एवढाच तो असतो. तरीही प्रकाशलहरीच्या वीसेक पट मोठा. तो सर्व रंगांना सारखेच उधळतो, म्हणून धुके पांढरे. आणि एक गोष्ट तो मोठ्या पक्षपाताने करतो: आलेल्या प्रकाशाचा बहुतेक भाग मागे न परतवता पुढे ढकलतो. सूर्य पाठीशी घेऊन पाहिले तर धुके राखेसारखे निर्जीव दिसते. सूर्यासमोर उभे राहून पाहिले तर तेच आतून उजळलेले दिसते. बांधावरचे ते गृहस्थ पूर्वेकडे तोंड करून का उभे राहत, याचे कारण हे होते. मात्र ज्याने सूर्यासमोर कॅमेरा धरला त्याच्याकडे समोरच्या प्रत्येक वस्तूची पाठ उजेडाला आणि तोंड अंधारात असते.

फोटोग्राफी या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ प्रकाशाने लिहिणे. मराठीने त्याच वस्तूला छायाचित्र म्हटले. एका भाषेने कलेचे नाव उजेडावरून ठेवले, दुसरीने सावलीवरून. आणि धुक्याचे चित्र घेणाऱ्याला या दोहोंचा निवाडा रोज करावा लागतो. उन्हाच्या दिवशी अतिउजेड आणि अतिसावली यांच्यात सात-आठ स्टॉपांचे अंतर सहज असते. प्रत्येक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट किंवा निम्मेपणा. धुक्यातल्या दूरच्या दृश्यात हे अंतर दोन-तीन स्टॉपांवर येते. सारे काही राखाडीच्या चार छटांत आटोपते. अशा चित्रात तोल म्हणजे उजेड निम्मा आणि अंधार निम्मा नव्हे. कागदभर पांढुरके धुके आणि त्यात एखादी काळी फांदी, एवढ्यावर चित्र उभे राहते. ती फांदी नसेल तर धुके धुके वाटत नाही, मळका कागद वाटतो. काळे थोडेच हवे, पण ते खरे काळे हवे, ही त्या गृहस्थांची धारणा होती, आणि जुन्या चित्रमय छायाचित्रणाच्या परंपरेत ती सर्वमान्य होती. ओ. सी. एडवर्ड्स, त्यांचे शिष्य टी. एन. ए. पेरुमाळ, ई. हनुमंत राव अशा माणसांच्या बंगळुरात छायाचित्राचा छंद हा गंभीरपणे करण्याचा छंद होता. त्याच्या प्रदर्शनांत प्रिंटमधल्या काळ्यापांढऱ्याची पारख दागिन्यासारखी होत असे.

या पारखीला बंगळुरात जुना इतिहासही आहे. मद्रास फौजेतला लिनिअस ट्राइप हा अधिकारी १८५० च्या दशकात बंगळुरात राहून छायाचित्रे घेत होता. हळेबीडची देवळे, ब्रह्मदेशातले मठ, व्यंकोजींच्या वंशजांच्या तंजावरचे बृहदीश्वराचे देऊळ, हे सारे त्याने मेण लावलेल्या कागदी निगेटिव्हवर उतरवले. त्या काळच्या रसायनांना निळा उजेड फार लवकर लागे. दगडाचे बारकावे उमटेपर्यंत आकाश जळून कोरे पडे. ट्राइपला ते कोरेपण सहन होईना. तो निगेटिव्हवर रंगाच्या हाताने ढग काढत असे. त्याच्या काही सुंदर चित्रांतले आकाश त्या दिवशी तेथे नव्हते. ते नंतर टेबलावर बसून भरलेले आहे. जे कॅमेऱ्याच्या हाती लागले नाही ते मागाहून हाताने घालावे काय, हा प्रश्न अशा रीतीने छायाचित्राच्या बालपणीच या शहरात विचारला गेला होता. त्या गृहस्थांनाही तो पुढे विचारला जायचा होता.

ऐंशीच्या दशकातल्या एका जानेवारीत त्यांना त्यांचे चित्र मिळाले. कॅमेऱ्यात उटीच्या कारखान्यात तयार झालेली ‘इंदू’ फिल्म होती. तलावावर धुके इतके दाट होते की पाणी कोठे संपते आणि हवा कोठे सुरू होते ते समजत नव्हते. सूर्य नुकता वर आलेला, पण त्याची तबकडी नव्हती. पूर्वेच्या बाजूला पांढरेपणा थोडा अधिक होता, एवढेच. बांधावर पावसाळी शिरीषाची फांदी खाली आलेली. तिच्याखालून, वीसेक पावलांवरून, डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई चालत गेली. त्यांनी प्रकाशमापक समोर धरून धुक्याचा उजेड मोजला, आकडे जुळवले आणि कळ दाबली. एकदाच. दुसऱ्या वेळेपर्यंत ती पुढे निघून गेली होती.

रात्री न्हाणीघराची खिडकी काळ्या कापडाने बंद करून, लाल दिव्याखाली, त्यांनी ते चित्र काढले. निगेटिव्ह जरा पातळच होते. त्यांनी चार नंबरचा कडक कागद घेतला. तसराळ्यातल्या पाण्यात आधी फांदी आली, मग टोपली, मग टोपलीखालची ती आकृती: एकसंध, मखमली काळी. तिच्याभोवती धुके दुधासारखे. पुढे ते चित्र प्रदर्शनात निवडले गेले, त्याला मानपत्र मिळाले आणि छायाप्रकाशाच्या तोलाबद्दल त्याची वाखाणणी झाली. चौकटीत बसून ते दिवाणखान्यात पूर्वेच्या भिंतीवर लागले. आल्यागेल्याला ते दाखवले जाई. ‘सगळा भार त्या एका काळ्या ठिपक्यावर आहे,’ असे ते सांगत. ते खरेही होते.

त्या काळ्या ठिपक्याला त्यांची पत्नी रोज ओळखत होती. ती आठव्या क्रॉसजवळ फुले विकणारी बाई. सारे तिला हूविनम्मा म्हणत, म्हणजे फुलांची अम्मा. मोगरा, शेवंती, आणि मराठी मुलखात जिला अबोली म्हणतात ती कनकांबर, यांचे गजरे ती मोळावर विकी. मोळ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे माप. मराठीत ज्याला हात म्हणतात तेच. ते माप मोजणाऱ्याच्या हाताचे असते. म्हणून दोन फुलवाल्यांचा मोळ सारखा नसतो आणि गिऱ्हाईक मोजण्याकडे पाहताना हाताकडेही पाहते. हूविनम्मा मोळ मोजून झाल्यावर चार बोटे अधिक सोडी. घरातल्या बाईसाहेबांची तिच्यावर मर्जी होती ती त्या चार बोटांमुळे, आणि दोघींच्या मोडक्या कन्नड-मराठी गप्पांमुळेही.

एके सायंकाळी वळिवाच्या पावसाने तिला फाटकाशी गाठले. पत्नीने तिला आत बोलावले, पुसायला पंचा दिला, कॉफी ठेवली. दिवाणखान्यात उभ्या असलेल्या हूविनम्मेचे लक्ष भिंतीकडे गेले. फांदी तिने ओळखली, तळे ओळखले. टोपलीच्या काठाला बांधलेल्या फडक्याचे टोक बाहेर आलेले होते, ते ओळखून ती हसली. मग चित्राच्या अगदी जवळ जाऊन तिने विचारले, ‘सार्, इदरल्लि नानु एल्लिद्दीनि?’ यात मी कुठे आहे?

गृहस्थांनी टोपलीखालच्या काळ्या आकाराकडे बोट केले. तिने पाहिले. ‘इदु नन्न नेरळु,’ ती म्हणाली. ही तर माझी सावली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट कौतुकच होते. एवढ्या मोठ्या चौकटीत तिचे फडके आले होते. कॉफी पिऊन होताना तिने संकोचाने एक गोष्ट मागितली. येत्या उन्हाळ्याच्या आतच तिच्या मुलीचे लग्न होते. मुलगी तुमकुराकडे जाणार होती. तिला बरोबर न्यायला आईचा एक फोटो हवा होता. याच चित्राची एक लहान प्रत मिळेल काय? फक्त तोंड दिसेल अशी. छापताना जरा उजेड जास्त घातला की दिसेल ना?

फोटो म्हणजे काय याची तिला जी कल्पना होती ती चुकीची होती असे म्हणता येत नाही. एन्लार्जरखाली हाताची सावली धरून एखादा काळा भाग उजळवता येतो. अशी कामे ते नेहमी करीत. त्या रात्री त्यांनी निगेटिव्ह चौकटीत घातले, मऊ कागद घेतला आणि आकृतीवर हात धरून चेहरा काढू लागले. पहिल्या प्रिंटमध्ये काळ्याचा राखाडी झाला. दुसऱ्यात राखाडी फिकट झाला. तिसऱ्यात तो धुक्याच्या रंगाला जाऊन मिळाला. चेहरा कोठेच आला नाही. मग त्यांनी निगेटिव्ह दिव्यासमोर धरून भिंगातून पाहिले. जेथे तिचे तोंड असायला हवे होते तेथे फिल्म काचेसारखी स्वच्छ होती.

सन १८९० मध्ये हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी हा कायदा आलेखावर मांडून ठेवला आहे. फिल्मला मिळालेला उजेड आणि तिच्यावर साचणारी चांदी यांचा संबंध वक्ररेषेने दाखवता येतो. त्या रेषेच्या पायथ्याशी एक उंबरठा असतो. उजेड त्या उंबरठ्याच्या आत राहिला तर चांदीला त्याची दखलच नसते. मग डेव्हलपरमध्ये फिल्म कितीही वेळ ठेवा. पीटर हेन्री एमर्सन या इंग्रज छायाचित्रकाराने १८८९ मध्ये छायाचित्र ही कला आहे असा ग्रंथ लिहिला होता. या दोघांचे गणित पुढे आल्यावर त्याने काही काळातच आपला दावा मागे घेतला, कारण छटांवर कलावंताची सत्ता समजली होती तेवढी नाही, असे त्याला दिसले. छायाचित्रकारांचा जुना नियम म्हणून सांगतो: एक्स्पोजर सावलीसाठी द्यावे, डेव्हलप उजेडासाठी करावे. उजेडाला नंतर आवर घालता येतो. सावलीचे देणे मात्र त्याच क्षणी द्यावे लागते.

गृहस्थांनी वहीत आकडेमोड केली. नकाशे काढणाऱ्या हाताला ती सोपी होती. प्रकाशमापकाला जग मध्यम राखाडी असते असे शिकवलेले आहे. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारी राखाडी. समोर कोळसा असो की कापूस, तो त्याला त्या राखाडीत आणायचा आकडा सांगतो. त्यांनी धुके मोजले होते. म्हणून धुके राखाडी झाले होते. अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा अकरा पायऱ्या ठरवल्या. त्या हिशेबाने धुके पाचव्या पायरीवर बसले. सूर्याकडे पाठ असलेल्या तिच्या तोंडावरचा उजेड धुक्यापेक्षा चार स्टॉप कमी होता असे धरले, तर तोंड पहिल्या पायरीवर, म्हणजे उंबरठ्याच्या आत. त्याच वेळी दोन स्टॉप अधिक दिले असते तर धुके सातव्या पायरीवर, आपल्या खऱ्या पांढऱ्या जागी गेले असते. आणि तोंड तिसऱ्यावर आले असते. काळसर, पण नाकडोळ्यांसकट. प्रदर्शनात वाखाणलेला तो तोल म्हणजे दोन स्टॉपांची चूक होती. कडक कागदाने ती झाकली आणि तिला सौंदर्याचे नाव मिळाले.

निगेटिव्ह दुरुस्त करायची बारीक पेन्सिल त्यांच्या पेटीत होती. ट्राइपने ढग काढले तसे नाकडोळे काढता आले असते. त्यांनी पेन्सिल टोकदार करून टेबलावर ठेवलीही. पत्नी दाराशी उभी होती.

‘काय करताय?’

‘बघतोय, तोंड बसवता येतं का.’

‘कुणाचं?’ तिने विचारले.

ते गप्प झाले. वीस पावलांवरून गेलेली ती बाई त्यांच्या दारात वर्षानुवर्षे येत होती; तरी तिचे डोळे कसे आहेत, कपाळावरचे कुंकू केवढे आहे, हे त्यांना आठवून काढता येईना. पेन्सिल पेटीत परत गेली.

‘अहो, कोपऱ्यावरच्या स्टुडिओत तिला नेते मी,’ पत्नी म्हणाली. ‘दहा मिनिटांचं काम आहे.’

‘ने हवं तर,’ ते म्हणाले. ‘पण माझं देणं राहतंच.’

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी हूविनम्मेला सांगून ठेवले आणि धुके पडलेल्या पहिल्या पहाटे ते त्याच जागी उभे राहिले. तीच फांदी, तेच अंतर. या वेळी दोन स्टॉप अधिक. गणित चुकले नाही. धुके पांढरे आले आणि भिंगातून पाहिल्यावर टोपलीखाली तोंडही होते. परंतु निगेटिव्हवर ते मोहरीएवढे होते. मोठे करायला गेले की चांदीचे कण सुटे होत, आणि जे दिसे ते कोणत्याही बाईचे तोंड असे. धुक्याने त्यावर आपला पातळ पडदाही धरला होता. एक्स्पोजर बरोबर होते. अंतर मात्र तेवढेच राहिले होते.

धुक्याला अंतराचाही कायदा आहे. सन १९२४ मध्ये कोशमीडर या जर्मन शास्त्रज्ञाने तो मांडला. वस्तू आणि तिची पार्श्वभूमी यांतला फरक धुक्यात समान अंतराला समान पटीने घटतो. चाळीस पावलांत तो निम्मा होत असेल, तर ऐंशी पावलांवर पाव उरतो आणि एकशेवीस पावलांवर दोन आणे. दूरच्या सावलीत धुक्याचा उजेड मिसळत जातो आणि ती फिकी होते; दूरचा उजेड वाटेत झिरपत जातो आणि तोही फिका होतो. शेवटी दोघे एकाच राखाडीत बुडतात. उलट, पाहणारा जवळ गेला की धुके त्याच्या आणि वस्तूच्या मधून उठून वस्तूच्या मागे जाते. तेव्हा ते पडदा राहत नाही. चहूबाजूंनी उजेड देणारे ते एक प्रचंड आभाळ होते, आणि माणसाच्या चेहऱ्याला त्याहून मऊ उजेड कोणत्याही स्टुडिओत मिळत नाही. इतकी वर्षे बांधावर उभ्या राहणाऱ्या गृहस्थांनी छिद्र बदलले होते, वेग बदलला होता, कागदाचे नंबर बदलले होते. पावले टाकणे हा उपाय त्यांना सुचला नव्हता, कारण जवळ गेले असते तर दृश्य गेले असते.

फेब्रुवारीच्या प्रारंभी धुक्याची बहुधा शेवटचीच पहाट आली. हूविनम्मा फांदीखाली टोपली उतरवून उभी होती. मुलीच्या लग्नाआधीचा फोटो म्हणून तिने धुतलेले लुगडे नेसले होते आणि विकायच्या फुलांतली अबोली, एरवी कधी न माळणारी, केसांत माळली होती. गृहस्थ वीस पावले चालत गेले. सावलीचा उजेड मोजायचा तर मापक सावलीपाशीच न्यावा लागतो, हे त्यांना पुस्तकातून केव्हाचे ठाऊक होते. त्यांनी ती काळी पेटी तिच्या गालापासून हातभर अंतरावर धरली.

तिने मापकाकडे पाहिले, त्यांच्या कोपरापासून बोटांपर्यंत पाहिले, आणि गिऱ्हाईक विचारते तसे विचारले, ‘एष्टु मोळ, सार्?’ किती मोळ?

त्यांना हसू आले. तीही हसली. कळ त्याच वेळी दाबली गेली.

त्या चित्रात सूर्य समोर नाही, थोडा बाजूला आहे. एका गालाच्या कडेला उजेडाची बारीक रेघ आहे. दुसरा गाल सावलीत आहे, पण त्या सावलीत कातडीच्या सुरकुत्या, नाकातली चमकी आणि डोळ्याखालची झोप न झालेली काळी कडा, सारे आहे. केस काळे आहेत. तेवढेच खरे काळे. मागे तळे नाही, झाड नाही. धुके सातव्या पायरीवर स्वस्थ उभे आहे. त्यांनी दोन नंबरच्या साध्या कागदावर ते छापले, हात न धरता, काही न झाकता. एक प्रत तुमकुराला गेली. दुसरी त्यांनी प्रदर्शनाला पाठवली. ती परत आली. धुक्याच्या चित्रात वातावरण कमी आहे, असे तीवर पेन्सिलीने लिहिले होते. त्यांना ते वाचून राग आला नाही. परीक्षकांनी चित्र वीस पावलांवरून पाहिले होते, आणि तेथून त्यांचे म्हणणे बरोबरच होते.

आता उटीचा तो फिल्मचा कारखाना बंद पडून काही वर्षे लोटली. न्हाणीघराच्या खिडकीवर काळे कापड लागत नाही. सँकी तलावाभोवती कुंपण आणि फिरण्याची वाट झाली आहे. धुके पडले की फिरायला आलेली माणसे आपापले मोबाइल वर धरतात. जुना नियम या नव्या यंत्रांनी उलटा केला आहे. त्यांच्या संवेदकात उजेड जळाला तर तो परत मिळत नाही. सावलीतून मात्र पुष्कळ काही उपसून काढता येते. मोबाइल एका कळीसरशी अनेक चित्रे घेतो, त्यांतल्या सावल्या उचलतो, उजेड दाबतो आणि सारे जुळवून देतो. त्या रात्री हूविनम्मेने जे मागितले होते, छापताना जरा उजेड जास्त घालणे, ते आज कोणाचाही अंगठा करू शकतो.

दिवाणखान्यात पूर्वेच्या भिंतीवर ते मानपत्राचे चित्र अजून आहे. ते काढून टाकावे असे गृहस्थांना वाटले नाही. ते खोटे नाही, अपुरे आहे. पत्नीने त्याच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, काच आणि लाकूड यांच्या फटीत, दुसऱ्या चित्राची पोस्टकार्डाएवढी प्रत खोचून ठेवली आहे, घरोघरी लहान फोटो खोचतात तशी. वर सावली आणि खाली चेहरा. नवा पाहुणा विचारतो की या दोघी कोण.

गेल्या हिवाळ्यात नातू पहाटे तलावावर जाऊन आला आणि मोबाइल आजोबांपुढे धरून म्हणाला, ‘आजोबा, बघा ना, धुक्यातसुद्धा सगळं स्पष्ट आलंय.’ पडद्यावर बांध होता, फांदी होती, आणि डोक्यावर पोते घेतलेला कोणी एक माणूस होता. आजोबांनी चष्मा वर करून चित्र डोळ्यांजवळ नेले. उजेड ठीक होता. सावलीही ठीक होती.

‘किती अंतरावरून काढलास?’ त्यांनी विचारले.

नातवाने तळ्याच्या दिशेने हात लांब केला. आजोबांनी तो हळूच कोपरात दुमडला, आणि कोपरापासून बोटांपर्यंतचे अंतर त्याला दाखवले.